सेशनवाल्यांना रॉक बँड काढायचा असेल तर आधी तारखा द्या

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना, कुठंही जा, स्टुडिओत वाजवणारी माणसं, म्हणजे सेशनवाले, तीच तीच भेटतात. सकाळी भीमगीताचं रेकॉर्डिंग, दुपारी देवीची गाणी, संध्याकाळी कुणाच्या तरी भजनाला ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड), आणि रात्री ऑर्केस्ट्रा. चाल एकदा ऐकली की दुसऱ्या टेकला ओके करणारी ही माणसं, हात लई पक्का, पण गाण्याखाली नाव येतं गायकाचं आणि कंपनीचं. यातल्याच चार-पाच जणांना कधीतरी वाटतंच की आपला स्वतःचा बँड पाहिजे, रॉक वाजवायचं, गाणी आपली, नाव आपलं. मग टपरीवर चहा पिताना ठरतं, व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, दोन-तीन प्रॅक्टिस होतात, तेवढ्यात नवरात्र येतं, सगळे आपापल्या सुपाऱ्यांना, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमांना, लागतात आणि ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं.

मी बेस गिटार वाजवतो, स्टुडिओत पण आणि ऑर्केस्ट्रात पण, आणि असा एक बँड आम्ही चालवतोय, म्हणून जे कामाला येतंय ते सांगतो. मुद्दा एकच आहे, वाजवता येणं हा आपला प्रश्न नाहीच. सेशनच्या कामानं ज्या चांगल्या सवयी लावल्या त्याच बँडमध्ये आडव्या येतात. जो पैसे देतो त्याचं ऐकायचं, आपलं झालं की केबल गुंडाळून निघायचं, आणि जमत नसेल तर बदली पाठवायचा. या तीन सवयी सोडवल्या की निम्मा बँड झाला.

बाहेर हे कसं झालं ते आधी बघा

सेशनवाल्यांनी मिळून बँड काढायची उदाहरणं भरपूर आहेत, पण तीन कामाची.

अमेरिकेत मेम्फिसला स्टॅक्स नावाची कंपनी होती, तिथं बुकर टी अँड द एम.जीज हे स्टुडिओचे रोजचे वाजवणारे. १९६२ ला एका गायकाच्या रेकॉर्डिंगला आलेले असताना मधल्या रिकाम्या वेळात ते आपलं आपलं वाजवत बसले, कंपनीच्या मालकानं टेप चालू केली, आणि त्यातून नुसत्या वाद्यांचं जे निघालं ते देशभर हिट झालं. म्हणजे गाणं निघालं ते गायकाची वाट बघत बसलेल्या वेळातून. आपल्याकडं गायक दोन तास उशिरा येणं नवीन आहे का? तो वेळ मोबाईल बघण्यात घालवू नका. स्टुडिओवाल्याला विचारून मशीन चालू ठेवायला सांगा आणि वाजवा.

दुसरं लंडनचं, लेड झेपलिन. जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स हे दोघं मुरलेले सेशनवाले, अगणित रेकॉर्डिंगवर वाजवलेले. पण गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बोनम हे लंडनच्या स्टुडिओतले नव्हते, इंग्लंडच्या मिडलँड्सकडच्या क्लबमध्ये बँडबरोबर वाजवणारी विशीतली पोरं होती ती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये लंडनला एका तळघरात पहिल्यांदा चौघं एकत्र वाजवले, सप्टेंबरात स्कँडिनेव्हियाचा दौरा केला, आणि तिकडून आल्यावर पहिला अल्बम रेकॉर्ड केला. जिमी पेजच्या सांगण्याप्रमाणं स्टुडिओचे तास लागले ३६ च्या आसपास, आणि त्याचे पैसे त्यानं आणि मॅनेजरनं खिशातून भरले, कंपनीकडून घेतले नाहीत. घाई करून ३६ तासांत उरकलं असं नाही बरं का, गाणी आधी स्टेजवर घासून झाली होती म्हणून तेवढ्यात झालं.

तिसरं टोटो, लॉस एंजेलिस, १९७७. यातले डेव्हिड पेच, जेफ आणि स्टीव्ह पोर्कारो हे भाऊ, स्टीव्ह ल्युकाथर हे एकाच शाळेतले. पेच आणि जेफनी १९७६ च्या गायक बॉझ स्कॅग्जच्या एका अल्बमवर एकत्र काम केलं होतं, बेसवाला डेव्हिड हंगेट पण त्यातच. म्हणजे बँडला नाव मिळायच्या आधी एकमेकांचा हात माहीत होता. पुढं त्यांच्या चौथ्या अल्बमला १९८३ ला ग्रॅमीमध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला, आणि त्याच काळात ही मंडळी मायकल जॅक्सनच्या अल्बमवरही वाजवत होती. सेशन सोडल्याशिवाय बँड होत नाही असं जे म्हणतात त्यांना हे दाखवा. सेशन सोडायची गरज नाही, वेळ वेगळा काढायची आहे.

माणसं कुणाला घ्यायची

सगळ्यात हुशार चौघं गोळा करू नका. ज्याच्याबरोबर वाजवताना तुम्हाला बघावं लागत नाही, तो कुठं थांबणार हे कानाला आधीच कळतं, तो घ्या. बेस आणि ड्रम ही जोडी आधी ठरवा, त्यावर गिटार, मग कीबोर्ड, गायक शेवटी. आपल्याकडं उलटं होतं, गायक आधी असतो आणि बाकीचे त्याच्यामागं उभे राहतात, मग तो त्याचा ऑर्केस्ट्राच झाला की.

मराठवाड्यात खरी अडचण ड्रमरची. ऑक्टोपॅड आल्यापासून पूर्ण ड्रमसेटवर बसणारी माणसं कमी राहिली, पॅडवाला दोन काड्यांनी ढोलकी, तबला, ताशा, ड्रम सगळं काढतो पण पायाला काम नाही. चर्चमध्ये वाजवणारी पोरं बघा, कॉलेजच्या युवक महोत्सवात वेस्टर्न ग्रुपमधून आलेली पोरं बघा, नाहीतर चांगला ढोलकीवाला घेऊन त्याला सेटवर बसवा, मला तर हा तिसरा रस्ताच आवडतो, का ते खाली सांगतो.

गायकाची परीक्षा वेगळी घ्या. ऑर्केस्ट्राचा गायक कुणासारखं तरी गातो, किशोरचा आवाज, रफीचा आवाज, अशीच त्याची ओळख असते आणि सुपारी त्यावरच मिळते. त्याला कुणीच कधी न गायलेली, तुम्ही केलेली चाल द्या आणि शब्द हातात द्या. तो जर विचारायला लागला की हे कुणाच्या स्टाइलमध्ये म्हणू, तर अजून वेळ आहे. जो आधी दोन वेळा चुकीचं म्हणतो आणि तिसऱ्यांदा स्वतःचंच काहीतरी करतो तो तुमचा माणूस.

आणि एक तरी माणूस स्टुडिओच्या बाहेरचा, वयानं लहान घ्या. प्लांट आणि बोनमचा धडा हाच आहे. मुरलेल्या लोकांत एक उपाशी पाहिजे, ज्याला रात्री अकराला फोन केला तरी येतो म्हणणार. त्याच्याशी बोलताना मात्र त्याला पोऱ्या समजू नका. आपल्याकडं लहान कलाकारानं मोठ्याला दादा, भाऊ, उस्ताद म्हणायचं आणि वायरी उचलायच्या ही पद्धत आहे, आदर असू द्या, पण वायरी सगळ्यांनी उचलायच्या आणि गाण्यावर मत त्याचंही घ्यायचं.

तारीख

इथं नव्वद टक्के बँड मोडतात असं मी आकडा म्हणून सांगत नाही, पण आजूबाजूला जे बघितलं त्यात कारण हेच. आपला हंगाम बघा. गणपती, पुढं नवरात्र म्हणजे तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई, सगळीकडं देवीची गाणी, मग १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, १४ जानेवारीला संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या गेटवर नामविस्तार दिन (१९९४ पासून ही तारीख आपल्या कलाकारांसाठी मोठी), १९ फेब्रुवारीची शिवजयंती, पैठणची नाथषष्ठी, आणि १४ एप्रिल तर एक दिवस नसतोच, मे संपेपर्यंत गावोगाव जयंतीचे कार्यक्रम चालू असतात. मधे खुलदाबादचा उरूस आला की कव्वालीवाले बुक. त्यात रेकॉर्डिंग हंगामाच्या आधी असतं, नवरात्राचं काम श्रावणातच सुरू होतं, जयंतीचं जानेवारी-फेब्रुवारीत.

मग उरतं काय? मृगाचा पाऊस पडल्यापासून आषाढ संपेपर्यंत, आणि पितृपक्षाचा पंधरवडा. बँडची सुरुवात जूनच्या मध्यात करा, दसऱ्याला मुहूर्त काढू नका. या सहा आठवड्यांत आठवड्याला तीन दिवस बसायचं, आणि हंगाम चालू झाला की आठवड्याला एक दिवस, शक्यतो मंगळवार-बुधवार असा दिवस ज्याला कार्यक्रम कमी असतात. हा दिवस प्रत्येकानं आपल्या डायरीत सुपारी लिहितात तसाच लिहायचा, वर बँडचं नाव, आणि कुणी फोन केला तर तारीख दिलेली आहे एवढंच सांगायचं. खोटं कारण सांगायची गरज नाही, तारीख दिलेलीच आहे.

बदली चालणार नाही हे पहिल्याच दिवशी बोला. स्टुडिओत मी आलो नाही आणि माझ्या जागी दुसरा बेसवाला आला तर काम थांबत नाही, उलट ती आपली जबाबदारी समजली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण बँडमध्ये त्या दिवशी कीबोर्डवाला नाही तर कीबोर्डशिवाय वाजवा, त्याची जागा रिकामी दिसू द्या, त्यातून गाण्यात कुठं त्याची खरंच गरज आहे हेही कळतं. प्रत्येकाला हंगामात दोन दिवस माफ, घरचं लग्न-मयत वेगळं, त्यापुढं जो मोठ्या सुपारीसाठी बँडचा दिवस मोडेल त्यानं बँडच्या डब्यात काहीतरी टाकायचं. आम्ही त्या सुपारीचा चौथा हिस्सा ठरवलाय. कुणी भरतं म्हणून नाही, तर आकडा ठरलेला असला की भांडण होत नाही.

जागा, लाइट, ऊन

शहरात घरी ड्रमसेट शक्य नाही. वाळूज, चिकलठाणा किंवा नांदेड-लातूरच्या एमआयडीसीत कुणाचा तरी ओळखीचा छोटा शेड असतोच, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मागा. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज एवढा घुमतो की स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) मारला की दोनदा ऐकू येतो. ड्रमच्या मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या लटकवा, खाली सतरंजी, कोपऱ्यात कापसाची पोती मिळाली तर फार भारी. सगळे अँप (गिटार-कीबोर्डचे अॅम्प्लिफायर) ड्रमरकडं तोंड करून ठेवा आणि पहिला तास ड्रमला माइक न लावता वाजवा, बाकीच्यांनी त्याच्या आवाजाइतकंच राहायचं. जो म्हणतो मला माझं ऐकू येत नाही त्यानं आवाज वाढवायच्या आधी दुसऱ्यांना कमी करायला सांगायचं.

लाइट कमी-जास्त होते, तर कीबोर्डला आणि रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपला यूपीएस हवाच, नाहीतर भर गाण्यात कीबोर्ड रिस्टार्ट होतो आणि लावलेले टोन जातात. अर्थिंग नसेल तर गिटारमधून जो घुंऽऽ असा आवाज येतो तो पेडल बदलून जाणार नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात जिवाचापण धोका आहे, माइकला ओठ लागला की झटका बसतो. आणि उन्हाळ्यात गिटार गाडीत ठेवू नका, चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात तिची नेक, म्हणजे मान, वाकडी होते.

आता वाजवायचं

सेशनवाल्याला गाण्यात लपायची सवय असते. गायकाच्या ओळीवर येऊ नको, जागा सोड, जास्त करू नको, हेच ऐकत आपण मोठे झालो. रॉकमध्ये गिटारची एक ओळच गाण्याचं तोंड असते, ड्रमची सुरुवात ऐकून लोकांनी गाणं ओळखायला पाहिजे. म्हणून पहिल्या काही बैठकांत गायकाला बोलवूच नका. नुसत्या वाद्यांवर चार मिनिटं ऐकणाऱ्याला धरून ठेवता येतं का बघा.

ढोलकीवाल्याला ड्रमसेटवर बसवायचं म्हणलं ते असं. आमचा ड्रमर मुळातला ढोलकीवाला, त्याला चार ठोक्यांतल्या दोन आणि चारवर स्नेअर मार म्हणून सांगितलं तर तो मोजत बसायचा आणि हात आखडायचा. मग त्याच्याच भाषेत लावलं. केरवा आठ मात्रांचा, धा गे ना ति, न क धि न. पहिल्या धा ला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), ना ला स्नेअर, पाचव्या मात्रेच्या न ला परत किक, आणि धि ला स्नेअर. डोक्यात केरवाच चालू ठेव, हाय-हॅट (झांजांची जोडी) आठही मात्रांवर सारखा. झालं, तोच रॉकचा साधा बीट. त्यानं तोंडानं बोल म्हणत दोन मिनिटं वाजवलं आणि पुढच्या आवर्तनाला शेड हलायला लागला. मजा पुढं आहे, त्याच्या डाव्या हातातून गे, ति, क हे मधले बोल आपोआप येत होते, स्नेअरवर अगदी हळू. शिकवणारे म्हणतील ते काढ, साफ वाजव. काढू नका. टोटोचा जेफ पोर्कारो याचं १९८२ च्या ‘रोझॅना’ मधलं ड्रमिंग जगभर शिकवलं जातं ते मुख्य ठोक्यांच्या मधल्या अशाच हळू ठोक्यांसाठी, आणि त्यानंही ते अमेरिकन सेशन ड्रमर बर्नार्ड पर्डी आणि लेड झेपलिनच्या बोनमकडून उचलून आपलं केलं होतं. आपल्या ढोलकीवाल्याकडं हे आधीच आहे, ते फुकट घालवू नका.

सुराचं भांडण दुसरं. आपला गायक म्हणणार काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी), गिटारवाला म्हणणार मला मोकळ्या तारा पाहिजेत, ई नाहीतर ए. दोघंही बरोबर आहेत. गिटार आणि बेस अर्धा सूर खाली लावा, म्हणजे ए चा शेप वाजवला की काळी चार येते आणि ई चा शेप वाजवला की काळी दोन. मोकळ्या तारांचा दणका राहिला आणि गायकाची पट्टीही राहिली, वरून तारा थोड्या सैल झाल्यानं वाकवायला सोप्या जातात. कायम तसंच ठेवा, प्रत्येक गाण्याला कॅपो (तारा दाबणारा चिमटा) लावत बसू नका.

कीबोर्डवाल्यासाठी स्पष्ट सांगतो, कारण हा सगळ्यात अवघड बदल आहे. ऑर्केस्ट्रात एकटा कीबोर्डवाला व्हायोलिन, बासरी, ब्रास, बेस सगळं भरतो, एक सेकंद हात रिकामा राहिला तर त्याला चैन पडत नाही. बँडमध्ये डावा हात खाली न्यायचा नाही, ती जागा बेसची. एका गाण्याला एकच टोन, फार तर दोन. ऑर्गन घेतला तर ऑर्गनच. आणि इंटरल्यूड, म्हणजे कडव्यांच्या मधलं संगीत, भरायचं काम आता तुझ्या एकट्याचं राहिलं नाही हे त्याला प्रेमानं सांगा, मोठा माणूस असेल तर बाजूला नेऊन सांगा.

संबळ, हलगी, बेंजो घ्यायचे की नाही? घ्या, पण शोभेला नको. सुरुवातीला चार आवर्तनं संबळ वाजवायचा आणि मग गिटार आली की तो ऐकूच येत नाही, असं असेल तर त्या माणसाचा वेळ का घ्यायचा. संबळ घेतला तर ड्रमरनं त्या गाण्यात टॉम (सेटवरचे घुमणारे ड्रम) सोडून द्यायचे, दोघांचा आवाज एकाच जागेत येतो. इलेक्ट्रिक बेंजो डिस्टॉर्शन पेडलमधून काढून बघा, जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलेला तो आवाज लीड गिटारच्या शेजारी उभा राहतो.

गाणी आणि ती कुणाची

पाच गाणी स्वतःची झाल्याशिवाय शो घ्यायचा नाही. कव्हर वाजवून सुरुवात केली की सेशनवाला परत हूबेहूब काढायच्या मागं लागतो, आणि ते त्याला एवढं छान जमतं की लोक वाहवा करतात आणि स्वतःचं मागं पडतं. नोटेशन लिहून आणू नका, चाल घेऊन या आणि खोलीत बनवा, मोबाईल मधोमध ठेवून सगळं रेकॉर्ड करा, तारीख टाकून ग्रुपवर टाका.

विषय शोधायला लांब जायचं कारण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आपण जगलोय. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ च्या गोष्टी सांगणारे आजोबा काही घरांत अजून आहेत. आणि नुसतं प्रेमाचं पण लिहा, संभाजीनगरच्या गुलमंडीवरचं, पण आपल्या बोलीत, ‘लई’, ‘कामून’, ‘म्हणलं’ हे शब्द मोठ्या आवाजात गिटारवर किती नीट बसतात ते म्हणून बघा.

गाणं ज्या दिवशी पुरं झालं त्याच रात्री लिहून ठेवायचं, शब्द कुणाचे, चाल कुणाची. सेशनमध्ये आपण एकरकमी पैसे घेतो आणि विसरतो, इथं तसं नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा आहे की तो कंपनीला लिहून दिला तरी जात नाही, आणि आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद झालं की ती रॉयल्टी संस्थेमार्फत येते. पण तिथं नाव पाहिजे, टक्केवारी पाहिजे. गिटारची सुरुवातीची ओळ ज्यानं काढली त्याचा चालीत हिस्सा आहे की नाही यावर नंतर मैत्री तुटते. आम्ही चाल सगळ्यांची समान आणि शब्द लिहिणाऱ्याचे वेगळे असं ठेवलंय, तुम्ही दुसरं ठरवा, पण ठरवा. रेकॉर्डिंगचंही तसंच, कायद्यानं रेकॉर्डिंग त्याचं ज्यानं ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली. स्टुडिओवाला मित्र फुकट करून देतो म्हणला तर आनंदानं घ्या, आणि मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाचा हे एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहा.

पैशाचं म्हणाल तर शोचं मानधन समान वाटायचं. स्टुडिओत कीबोर्डवाल्याचा रेट ढोलकीवाल्यापेक्षा जास्त असतो, ती उतरंड बँडमध्ये आणली की पहिल्याच शोला तोंडं पडतात. वाटायच्या आधी पाचवा हिस्सा डब्यात, त्यातून तारा, काड्या, गाडीभाडं.

रेकॉर्ड करताना सगळ्यांनी एकत्र, एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवा. एकेकट्यानं येऊन क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) आपला ट्रॅक देऊन जायचं हे आपण रोज करतो आणि त्यात आपण उस्ताद आहोत, म्हणूनच बँडचं काम तसं करू नका, ते परत सेशनच वाटतं. स्टुडिओचे तास रात्रीचे घ्या, दहानंतर, स्वस्त पडतात आणि मागं कुणी थांबलेलं नसतं.

पहिला शो

गणेश मंडळाच्या स्टेजवर पहिला शो करू नका, तिथले लोक नाचायला आलेले असतात आणि त्यांचं चुकत नाही. कॉलेजचं गॅदरिंग, एखादं छोटं नाट्यगृह, किंवा ओळखीच्या हॉटेलची गच्ची, दीडशे-दोनशे माणसं, चाळीस मिनिटं, बास. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तर साडेसातला सुरू करा. साउंडवाल्याला आधी दोनदा प्रॅक्टिसला बोलवा, पाहुणा म्हणून नाही, काम म्हणून, त्याचे पैसे द्या. डीजेचा सेट लावणारा माणूस बेस पूर्ण उघडून ठेवतो आणि किक आणि बेस गिटार दोन्ही चिखल होतात, त्याला गाणी माहीत असली की तो स्वतःच कमी करतो.

फर्माईश येणारच. पहिल्या रांगेतून चिठ्ठी येईल, आयोजक स्टेजच्या बाजूला येऊन म्हणेल भाऊ एक तरी ते गाणं घ्या. सुपारी घेतानाच सांगायचं की आम्ही फक्त आमचीच गाणी वाजवतो, चाळीस मिनिटं, फर्माईश नाही, आणि त्यासाठी पैसे थोडे कमी घ्यावे लागले तर घ्या. स्टेजवर कुणी मागितलंच तर गायकानं हात जोडून पुढच्या गाण्याचं नाव सांगायचं आणि ड्रमरनं लगेच काउंट द्यायचा, मधे शांतता ठेवायची नाही.

शेवटचं, नाव आणि निघून जाणं. आपल्यातल्या कुणाला तरी पुण्या-मुंबईचं मोठं काम येणारच, चांगला वाजवतो म्हणूनच येणार, आणि त्यानं जावं. लेड झेपलिननं १९८० ला बोनम गेल्यावर बँड बंद केला, टोटोचा जेफ पोर्कारो १९९२ ला गेला तर त्यांनी दुसरा ड्रमर घेऊन पुढं चालू ठेवलं, दोन्ही रस्ते खरे आहेत, पण तुमचा कोणता हे सगळे खुशीत असतानाच बोलून घ्या. जाणाऱ्यानं दोन महिने आधी सांगायचं, गाण्यातला त्याचा हिस्सा त्याचाच राहणार, आणि बँडचं नाव राहणाऱ्यांचं. नाव नोंदवायचं असेल तर ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये येतं, मनोरंजनाच्या सेवांचा वर्ग तोच, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढं वाढवता येते. अर्ज एकाच्या नावावर टाकू नका, भागीदारीचा साधा करार करून सगळ्यांच्या नावानं टाका, आणि हे काम पोस्टर छापायच्या आधी करा.